चार वर्षं एमपीएससी केली, आता २२ हजारांची नोकरी मिळतेय. धरू की अजून एक अटेम्प्ट देऊ?

वयोमर्यादेकडे बघून ठरवू नका. खुल्या गटाला ३८, मागासवर्गीयांना ४३, म्हणजे 'अजून वेळ आहे' असं दरवर्षी वाटतंच. मी सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत तीन वर्षं अशीच काढली.

शेवटी एका रात्री वहीत पूर्वपरीक्षेचे माझे गुण आणि शेजारी कटऑफ लिहिला. पहिल्या वर्षी ११ गुणांनी हुकलं, मग १४, मग १९. अंतर वाढत चाललं होतं आणि मी मात्र 'थोडक्यात गेलं' असं घरी सांगत होतो! मेसचे पैसे अजून बाबाच पाठवत होते. तुमचं अंतर कमी होत असेल तर गोष्ट वेगळी, एक अटेम्प्ट जरूर द्या. फक्त २०२५ पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झालीय, हे धरून चाला. हाताला लिहायची सवय नसेल तर ती तयारी जवळजवळ नव्यानेच करावी लागते.

शेवटी मी नोकरी धरली, पण पूर्ण खात्री मला जॉइन होईपर्यंत वाटली नव्हती. नंतर नोकरी सांभाळून गट क ची परीक्षा दिली. त्यातही नापास झालो, पण त्या महिन्यात मेसचं बिल मी भरलं.