फूड पँट्री म्हणजे अन्नछत्रच का? नागपुरात आमच्या वस्तीसाठी काय सुरू करावं?

नाही, अन्नछत्रात शिजवलेलं ताट मिळतं, तर पँट्रीतून कोरडा शिधा घरी न्यायचा असतो; वस्तीत बिऱ्हाडं असतील तर पँट्रीच सुरू करा. मी शिधावाटपात हात लावतो, त्यामुळे हे ठामपणे सांगतो: तांदूळ, कणीक, तुरीची डाळ, तेल, तिखट-मीठ घरात आलं की आई आपल्या चुलीवर, आपल्या हातच्या चवीचं रांधते आणि लेकरांना रांगेत उभं राहावं लागत नाही. हा मान मला पोटभर जेवणाइतकाच मोलाचा वाटतो.

पँट्रीला माल पुरवणारं कोठार म्हणजे फूड बँक. पहिली फूड बँक 1967 मध्ये अमेरिकेतल्या फिनिक्स शहरात जॉन व्हॅन हेंगेल यांनी सुरू केली. दुकानांनी टाकून दिलेल्या मालावर मुलं पोसणाऱ्या एका बाईनं त्यांना सुचवलं होतं की, पैशांसारखं अन्नही जमा करता आणि काढता यावं.

मात्र मेडिकलमध्ये, म्हणजे नागपुरातल्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात, पेशंटसोबत गावाकडून आलेल्या नातेवाइकांना शिधा देऊन उपयोग नाही, त्यांच्याकडे चूल कुठली? तिथं शिजवलेलंच हवं. 26 जानेवारी 2020 ला राज्यात सुरू झालेली 10 रुपयांची शिवभोजन थाळी (2 पोळ्या, भाजी, वरण, भात) अशाच गरजेसाठी होती. उरलेलं शिजवलेलं अन्न गोळा करून वाटणार असाल, तर आधी अन्न सुरक्षा विभागाकडे नोंदणी करा; 2019 च्या नियमांनुसार ती लागते.