एक ट्रीहाऊस, दोन गिऱ्हाइकं

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका वाचकाने वायनाडच्या जंगलातलं ट्रीहाऊस तीन रात्रींसाठी बुक केलं. रात्रीला 18,500 प्रमाणे 55,500 रुपये आगाऊ भरले. पहाटे पाचला निघायचं ठरलं होतं, शहराबाहेर पडायचा तावडे हॉटेल चौक ओलांडला साडेआठला. गुंडलुपेटच्या पुढच्या नाक्यावर पोहोचले तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजले होते आणि बंदीपूरच्या जंगलातला रस्ता बंद झाला होता. लॉजवर रात्र काढून सकाळी नऊला ते रिसॉर्टवर गेले, तर शिडीच्या पायथ्याशी दुसऱ्याच कुटुंबाच्या बॅगा. ‘पहिल्या रात्री न आल्यास नो-शो, संपूर्ण रक्कम जप्त’ हे कलम दाखवून त्यांना परत पाठवलं. याला आता सोळा महिने झाले. त्यांचं म्हणणं, रस्ता सरकारने बंद केला, त्यात माझा काय दोष?

दोष तुमचाच आहे. बंदीपूरची रात्रीची वाहतूकबंदी 2009 पासूनची आहे, रात्री नऊ ते सकाळी सहा. हुणसूर, गोणीकोप्प, कुट्टा असा रात्री चालू असणारा दुसरा रस्ताही आहे. रिसॉर्टचा वकील हे दोन मुद्दे पहिल्याच तारखेला मांडेल आणि तुमची बाजू तिथेच लंगडी पडेल. तेव्हा तक्रारीत रस्त्यावर दोन ओळींपेक्षा जास्त खर्च करू नका.

तुम्ही पत्रात जे वाक्य रागाच्या भरात, जाता जाता लिहिलंय, सगळं प्रकरण त्यावर उभं आहे: बॅगा दुसऱ्याच्या होत्या. म्हणजे तुमचे पैसे ठेवून घेऊन खोली पुन्हा विकली. भारतीय करार अधिनियम 1872 चं कलम 74 सांगतं की करारात दंडाची रक्कम लिहिलेली असली, तरी वाजवी भरपाईच मिळते. लिहिलेला आकडा ही फक्त कमाल मर्यादा. नुकसानच झालं नसेल तर आगाऊ रक्कम गिळता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2015 साली दिल्ली विकास प्राधिकरणाच्या प्रकरणात स्पष्ट केलं आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्या रात्री रिसॉर्टचं काय बुडालं? हा एकच प्रश्न विचारा. पहिल्या रात्रीचे पैसे मात्र सोडा. ती खोली खरंच तुमच्यासाठी रिकामी राहिली असावी, आणि 37,000 मागणारा माणूस 55,500 मागणाऱ्यापेक्षा खरा वाटतो.

अडचण पुराव्याची आहे, आणि ती तुम्ही स्वतः ओढवून घेतली. नाक्यावरून रिसॉर्टला फोन केला, पलीकडचा ‘ओके सर’ म्हणाला, विषय संपला? ‘रस्ता बंद, सकाळी येतोय’ एवढा एक व्हॉट्सअॅप मेसेज टाकायला किती वेळ लागतो? आता निदान मोबाइल कंपनीकडून त्या महिन्याचं तपशीलवार बिल मिळतं का बघा, मिळालं तर कॉलची वेळ आणि मिनिटं तरी दिसतील. रिसॉर्टची आगमन नोंदवही आणि त्या दोन रात्रींची बिलं हजर करायला लावा, असा अर्ज तक्रारीसोबतच द्या. ग्राहक आयोगाला तसा आदेश देता येतो. कागद लपवले तर आयोग काय ते समजतो, पण समजेलच याची हमी मी देणार नाही.

तक्रार कोल्हापूरच्याच जिल्हा आयोगात दाखल करा. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदार राहतो तिथे दाद मागता येते; अटींमध्ये ‘न्यायक्षेत्र कल्पेट्टा’ लिहिलंय म्हणून घाबरू नका. पाच लाखांपर्यंत शुल्क नाही आणि वकीलही सक्तीचा नाही. मात्र ‘हे कलम अन्यायकारक म्हणून रद्द करा’ अशी मागणी घालू नका. तो अधिकार राज्य आयोगापासून वर सुरू होतो, त्या एका ओळीने प्रकरण अडकायचं. सेवेतील त्रुटी आणि रक्कम परत, बस. बुकिंग साइटलाही सामनेवाले, म्हणजे विरुद्ध पक्ष करा. ती ‘आम्ही फक्त मध्यस्थ’ म्हणेल, ते कितपत टिकेल हे तिच्या अटी वाचल्याशिवाय सांगता येत नाही. मानसिक त्रासाचे लाखभर मागू नका.

मुदत दोन वर्षांची, आणि तुम्ही सोळा महिने ईमेल पाठवण्यात घालवलेत. पत्रव्यवहार चालू ठेवल्याने मुदत वाढत नाही. विलंब माफीचा अर्ज असतो खरा, पण ‘ते उत्तर देतील असं वाटलं’ हे कारण मी स्वतः कुठल्या आयोगापुढे वाचून दाखवणार नाही. कायदा तीन महिन्यांत निकाल म्हणतो. तुम्ही वर्ष दोन वर्षं धरून चाला.

कोल्हापुरात आता मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच आलंय, थेट तिथेच जाऊ का, असंही विचारलंय. नाही. त्या बेंचसाठी इथल्या वकिलांनी वर्षानुवर्षं लढा दिला तो ट्रीहाऊसच्या भाड्यासाठी नव्हे.

शिडीसमोर रडणाऱ्या धाकट्याचा फोटो काढलाय म्हणता, त्यात मागे त्या बॅगा दिसतात का बघा. दिसत असतील तर ज्या फोनने काढला त्यातली मूळ फाइल जपा, घरच्या ग्रुपवर फिरलेली नको. तिच्यातून तारीख-वेळ निघून गेलेली असते.