आधी खण उलटा करून बघा

पहिलंच जुनं फ्रेंच ग्रामीण कपाट घेताय, तर समोरच्या कोरीवकामावर भाळू नका. खण बाहेर काढा आणि उलटा करा. हाताने रंधा मारलेल्या फळीवर बोट फिरवलं की हलक्या लाटा लागतात. मशीनची फळी सपाट असते. सांधे थोडे वेडेवाकडे, लाकडी खुंट्या किंचित वर आलेल्या दिसल्या तर मला बरं वाटतं. गोल टेबल असेल तर दोन्ही बाजूंनी मोजा. लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने आकसतं, त्यामुळे जुनं टेबल बहुधा पूर्ण गोल राहत नाही.

'लुई पंधरावा' या लेबलावर तारीख ठरवू नका. तो राजा १७७४ मध्ये वारला, पण खेड्यातले सुतार त्याच्या काळातल्या शैलीचे वळणदार पाय १९व्या शतकातही घडवत होते. मला त्यात कमीपणा वाटत नाही, उलट तीच तर गंमत! फ्रान्सच्या नॉर्मंडी भागात लग्नासाठी घडवलेल्या ओकच्या कपाटावर कबुतरांची जोडी, फुलांची परडी. दक्षिणेच्या प्रोव्हान्स भागात अक्रोडाच्या लाकडाची 'पानेतिएर', म्हणजे कातीव दांड्यांची, भिंतीवर टांगायची पावाची जाळीदार पेटी. माझी सर्वात लाडकी.

किड्याची भोकं असतातच. खाली ताजा, फिकट भुसा पडत असेल तरच थांबा.

आणि पॉलिश खरवडू नका, हात जोडून सांगतो. माझ्या पहिल्या खुर्चीचं मी तेच केलं. दीडशे वर्षांचा रंग एका दुपारी गेला. मऊ फडक्याने थोडं मेण लावा, बस.