विषाक्तता, विषारीपणा आणि बाणाचे टोक

पुण्याच्या पाषाण भागातील एका प्रयोगशाळेत संशोधन करणाऱ्या विद्यार्थिनीने दोन प्रश्न विचारले आहेत. तिच्या व्याख्यानाच्या सूचनाफलकावर ‘प्रथिनांच्या व्यापक विश्लेषणातून मेंदूचे विकार आणि विषाक्तता यांचा अभ्यास’ असे लिहिणे योग्य होईल का, आणि पेशीतील सर्व प्रथिनांचा एकत्रित अभ्यास करणाऱ्या ‘प्रोटिऑमिक्स’ या शास्त्राला मराठीत काय म्हणावे?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेच आहे. ‘औषधाची विषाक्तता’, ‘शिशाची विषाक्तता’ हे शब्दप्रयोग मी पुण्यातील व्याख्यानांतून आणि वृत्तपत्रांच्या आरोग्यविषयक पुरवण्यांतून कित्येक वर्षे ऐकत आणि वाचत आलो आहे, आणि दर वेळी मला तीच चूक खटकते. विषाक्त म्हणजे विष अधिक अक्त, आणि अक्त म्हणजे माखलेले. शिसे हे स्वतःच विष आहे. त्याला कोणी विष माखलेले नाही. विषाक्त औषध म्हणाल, तर चांगल्या औषधात कोणी विष कालवले असा अर्थ होईल.

हा शब्द मुळात बाणाचा आहे. अमरकोशाच्या क्षत्रियवर्गात ‘विषाक्ते दिग्धलिप्तकौ’ असे म्हटले आहे. म्हणजे विष माखलेल्या बाणाला दिग्ध आणि लिप्तक अशी दोन नावे आहेत. आता ज्या ‘टॉक्सिक’ शब्दासाठी आपण हा प्रतिशब्द वापरतो, त्याचे मूळ पाहा. ग्रीक भाषेत ‘टॉक्सॉन’ म्हणजे धनुष्य, आणि ‘टॉक्सिकॉन फार्माकॉन’ म्हणजे बाणांना लावायचे द्रव्य. पुढे द्रव्यवाचक ‘फार्माकॉन’ गळून पडले आणि धनुष्यवाचक विशेषणच विषाचे नाव होऊन बसले. दोन भाषांतील शब्द एकाच बाणाच्या टोकावर येऊन भेटतात, परंतु ग्रीक शब्द त्या टोकावरील विषाचा आहे आणि आपला शब्द विष लागलेल्या बाणाचा आहे. प्रतिशब्द देणाऱ्यांनी हा भेद पाहिलाच नाही.

‘अक्त’चा धातू अञ्ज्. धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, त्याचे अर्थ देताना व्यक्ती, म्हणजे प्रकट होणे, आणि म्रक्षण, म्हणजे माखणे, हे दोन्ही शेजारी शेजारी ठेवले आहेत. डोळ्यांतले अंजन आणि दिवाळीचे अभ्यंग माखण्याच्या अर्थाचे. व्यक्त आणि अभिव्यक्ती प्रकट होण्याच्या अर्थाचे. माझे मत असे की, जुन्या भाषकांना या दोन क्रिया वेगळ्या वाटतच नसाव्यात, कारण काजळ माखले म्हणजेच डोळा उठून दिसतो. जनुकापासून प्रथिन तयार होण्याला आपण जनुकाची अभिव्यक्ती म्हणतो, आणि विष शरीरात शिरले की प्रथिनांची हीच अभिव्यक्ती बदलते. विषाचे माखणे आणि त्याच्या परिणामाचे प्रकटणे एकाच धातूतून निघावे, याचा मला फार आनंद वाटतो.

‘विषाक्त’ हिंदीतून आला म्हणून तो टाळावा, असे काही शुद्धिवादी सांगतात. अमरकोशातील शब्दाला परका ठरवणारा हा आक्षेप मला मुळीच मान्य नाही. विज्ञानात शब्द एकदा रूढ झाला की व्युत्पत्ती पाहू नये, असे म्हणणाऱ्यांशी माझा विरोध अधिक तीव्र आहे, कारण इथे अर्थभेद हाच शास्त्राचा विषय आहे. द्रव्याचा गुण तो विषारीपणा, शरीराला झालेली इजा ती विषबाधा, आणि विष लागलेली वस्तू ती विषाक्त. रक्तात ‘न्यूरोफिलामेंट लाइट’ हे प्रथिन वाढले, तर चेतापेशींच्या तंतूंना इजा झाली एवढेच कळते. ती विषाने झाली, विकाराने झाली की डोक्याला मार लागून झाली, हे ते एकटे प्रथिन सांगू शकत नाही. म्हणूनच नमुन्यातील प्रथिनांचे ट्रिप्सिन या प्रथिने तोडणाऱ्या द्रव्याने तुकडे करून, वस्तुमान-वर्णपटमापीने त्या तुकड्यांची वस्तुमाने मोजून, हजारो प्रथिनांतील चढउतार एकत्र पाहावे लागतात. अशा अभ्यासात इजेला गुणाचे नाव देणे म्हणजे निष्कर्षच चुकीचा लिहिणे होय.

बाणाच्या विषाचा विषय निघालाच आहे, तर दक्षिण अमेरिकेतील शिकाऱ्यांचे क्युरारे सांगितलेच पाहिजे. फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्लोद बेर्नार यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास दाखवून दिले की, क्युरारेने स्नायू मरत नाही, तर चेतातंतूचा संदेश स्नायूपर्यंत पोहोचत नाही. तो संदेश घेणारे ग्राहक-प्रथिन १९७०च्या सुमारास वेगळे काढता आले, ते मण्यारीच्या कुळातील तैवानच्या एका सापाच्या विषातील प्रथिनामुळे, कारण ते त्या ग्राहकाला घट्ट चिकटते.

विकार आणि विष यांची गाठ याहून स्पष्ट दिसली ती १९८३मध्ये. कॅलिफोर्नियातील काही तरुणांना भेसळीच्या अमली पदार्थातून एमपीटीपी हे द्रव्य गेले आणि त्यांच्यात कंपवाताची लक्षणे दिसू लागली. एमपीटीपी स्वतः मेंदूतील चेतापेशी मारत नाही; मेंदूतीलच एक विकर, म्हणजे एक प्रथिन, त्याच्यापासून मारक द्रव्य तयार करते. इथे विषारीपणा हा केवळ द्रव्याचा गुण आहे असेही म्हणता येत नाही, मग ‘माखलेले’ या अर्थाचा शब्द तर सर्वस्वी निरुपयोगी ठरतो.

राहिला ‘प्रोटिऑमिक्स’चा प्रश्न. प्रोटिओमसाठी ‘प्रथिनसंच’ आणि त्या शास्त्रासाठी ‘प्रथिनसंचशास्त्र’ म्हणावे. ऐकणाऱ्यांना अडचण वाटली तर मूळ शब्द देवनागरीत तसाच ठेवण्यासही माझी हरकत नाही. आपल्या फलकावर ‘प्रथिनसंचाच्या विश्लेषणातून मेंदूचे विकार आणि चेतापेशींची विषबाधा यांचा अभ्यास’ असे लिहावे, आणि एखाद्या विशिष्ट द्रव्याची मारकता मोजली असेल तिथे ‘विषबाधा’ऐवजी ‘विषारीपणा’ घालावा.