पपई देऊ नका! (वाचकांचे प्रश्न, यावेळी कोलंबिया)

मागच्या अंकात मी सहज एका ओळीत लिहून गेलो की तारवावर, म्हणजे जहाजावर नोकरीला असताना मी कोलंबियातल्या कार्ताहेना बंदरात सात-आठ वेळा उतरलोय, आणि या महिन्यात निम्मी पत्रं त्याच देशावर आली. म्हणून म्हटलं बाकीचे प्रश्न राहू देत, यावेळी हेच.

प्रश्न : भाई, कळंगुटला आमचं बारा खोल्यांचं गेस्ट हाऊस आहे. वडलांच्या वेळेस ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत ब्रिटिश चार्टरवाले (खास ठरवलेल्या विमानाने थेट गोव्याला येणारे पर्यटक), एकेक जण तीन-तीन आठवडे राहायचा. आता वीकेंडला बेंगळुरूची पोरं येतात, दोन रात्री राहतात, एका खोलीत सहा जण. आणि जिथे माणसं पळवून न्यायचे त्या कोलंबियात म्हणे वर्षाला ६७ लाख लोक जातात! त्यांनी अशी काय जादू केली?

पहिलं आकड्याचं बघू, कारण आकडा ऐकून आपण उगाच स्वतःच्या कपाळावर हात मारतो. २०२४ चा तो सुमारे ६७ लाखांचा आकडा खरा आहे, पण त्यात क्रूझवरून सकाळी उतरून संध्याकाळी परत चढणारे पण आहेत आणि अमेरिकेत-स्पेनमध्ये राहणारे कोलंबियन आईला भेटायला येतात ते पण आहेत. म्हणजे आपल्याकडे गणपतीला लंडनहून, स्विंडनहून गावी येणारे सगळे मोजले तर कसं होईल, तसं. पण ते सोडलं तरी वाढ प्रचंडच आहे हो, २००२ च्या सुमारास त्या देशात वर्षाला सहा लाख परदेशीसुद्धा येत नव्हते.

आता जादू. मला विचाराल तर जाहिरात नंतर आली, आधी रस्ते आले. रस्ते म्हणजे डांबर नाही. २००० च्या आसपास तिथली परिस्थिती अशी होती की राजधानी बोगोताचा माणूस गाडी काढून स्वतःच्या गावी जायला घाबरायचा, कारण वाटेत फार्कवाले किंवा ईएलएनवाले (दोन्ही डाव्या बंडखोरांच्या सशस्त्र संघटना) नाका लावून बसलेले असायचे आणि ज्याच्याकडे पैसा दिसेल त्याला सरळ डोंगरात घेऊन जायचे. २००२ ला उरिबे राष्ट्राध्यक्ष झाले आणि सुट्ट्यांच्या दिवसात सरकारने हायवेवर लष्कर-पोलीस उभे करून गाड्यांचे ताफेच्या ताफे नेले, चला म्हणाले, आपलाच देश बघा. परदेशी पाहुणा नंतर, आधी घरचा माणूस बाहेर पडला. (त्याच उरिबेंच्या काळात लष्कराने निरपराध पोरांना मारून गनिम म्हणून दाखवलं हे पण तेवढंच खरं, त्यामुळे त्यांना हार घालायची घाई नको.)

तरी भीती एका दिवसात जात नाही. सिएरा नेवादा डोंगररांगेच्या जंगलात सिउदाद पेर्दिदा म्हणून हजार-बाराशे वर्षांपूर्वीची हरवलेली नगरी आहे, जाऊन-येऊन साधारण चार दिवस चालायचं आणि नगरीत पोचताना बाराशे दगडी पायऱ्या. २००३ च्या सप्टेंबरात तिथून ईएलएनने आठ परदेशी ट्रेकर उचलले, त्यातले शेवटचे सुटायला डिसेंबर उजाडला. दोनेक वर्षं तो ट्रेक बंद होता. आज तिथे रांग लावून माणसं जातात.

२००८ ला मग ती जाहिरात आली, ‘कोलंबिया, धोका एकच, की तुम्हाला इथेच राहावंसं वाटेल.’ मला ही ओळ भारी आवडते कारण त्यांनी धोका हा शब्द लपवलाच नाही, लोकांच्या मनात जो शब्द होता तोच उचलून उलटा फिरवला. आपल्याकडची पोस्टरं बघा, तोच नारळ, तोच सूर्यास्त.

नंतर २०१६ ला फार्कशी शांतता करार झाला. तो पण सरळ नाही झाला, ऑक्टोबरात जनमत घेतलं तर लोकांनी अगदी थोडक्या मतांनी नाकारला, मग दुरुस्त्या करून नोव्हेंबरात परत सही. राष्ट्राध्यक्ष सान्तोस यांना त्याच वर्षी शांततेचं नोबेल. त्यामुळे नकाशावरचे बंद भाग उघडले. कान्यो क्रिस्तालेस ही नदी, जी साधारण जून ते नोव्हेंबर पाण्यातल्या वनस्पतीमुळे लाल-गुलाबी दिसते, ती फार्कच्या पट्ट्यात होती, आता तिथे गाईड घेऊन जाता येतं, फक्त अंगाला सनस्क्रीन लावून पाण्यात उतरू देत नाहीत. पक्षी बघणारे तर आधीपासूनच टपून होते, १९०० च्या वर जाती आहेत तिथे, जगात सर्वात जास्त. काकेता भागात हत्यारं खाली ठेवलेले माजी गनिम राफ्टिंगचे गाईड झाले, पण २०२३ मध्ये त्यांच्या त्या वस्तीलाच नव्या टोळ्यांच्या धमक्यांमुळे जागा सोडावी लागली. म्हणजे सगळं गोड आहे असं समजू नका.

आता तुमच्या दुखण्याकडे येतो. गोव्यात २०१९ ला परदेशी ९ लाखांच्या वर आले होते आणि २०२४ ला पावणेपाच लाखांच्या आत-बाहेर, बरोबर आहे तुमचं. पण मायामीहून कार्ताहेना तीन तासांच्या आत आहे. आपला चार्टरवाला नऊ-दहा तास बसून येतो, त्यात २०२२ ला मध्येच काही महिने ब्रिटिशांचा ई-व्हिसा बंद होता, रशियाचं युद्ध, आणि उतरल्यावर टॅक्सीचा रेट ऐकून तो परत विमानात बसायच्या बेतात. भूगोल आपल्या हातात नाही, टॅक्सी आहे. आणि बेंगळुरूच्या पोरांवर एवढं रागावू नका, कोलंबियाने पण सुरुवात घरच्या गिऱ्हाइकापासूनच केली होती. सहा जणांचं मात्र दारावर लिहून ठेवा.

प्रश्न : मी म्हापशाला कॉलेजला आहे. वेब सिरीज बघून मला कोकेनचा डॉन एस्कोबार याचं मेदेयिन शहर बघायचंय, तिथे त्याच्या नावाने टूर पण असतात. बाबा म्हणतात लाज वाटायला पाहिजे. तुम्ही काय म्हणाल?

बाबांच्या बाजूने आहे मी, पण कारण सांगतो. १९९१ ला मेदेयिनमध्ये एक लाख लोकांमागे सुमारे ३८० खून पडले होते, एका वर्षात. पोलीस, न्यायाधीश, पत्रकार, आणि बहुतेक तुझ्या वयाची पोरं. एस्कोबारला २ डिसेंबर १९९३ ला मारलं. तो राहायचा ती मोनाको बिल्डिंग पर्यटक फोटो काढायला यायचे म्हणून शहराने २०१९ च्या फेब्रुवारीत स्फोटकं लावून पाडली आणि तिथे मेलेल्यांच्या आठवणीचं उद्यान केलं. यावरून समज तिथल्या लोकांना काय वाटतं ते. त्याच्या तोंडाचे टीशर्ट रस्त्यावर मिळतात, घेणारे सगळे बाहेरचे. गोव्याचं नाव काढलं की दिल्लीचा माणूस डोळा मारून ‘माल’ मिळतो का विचारतो तेव्हा तुला कसं वाटतं, तसंच.

त्यापेक्षा कोमुना १३ ला जा. तारू सोडल्यावर २०१८ ला मी आणि बायको पाच दिवस मेदेयिनला होतो. डोंगरउतारावरची वस्ती, घरावर घर, विटा उघड्या, आपल्या झुआरीनगरसारखी पण उभी. २००२ च्या मे महिन्यात तिथे पोलीस-लष्कराने गोळीबार केला तेव्हा लोक खिडक्यांतून पांढऱ्या चादरी हलवत बाहेर आले, थांबवा म्हणून. ऑक्टोबरात परत ओरियन नावाची मोठी कारवाई, आणि त्यानंतर कितीतरी माणसं गायब. आया वीस वर्षं सांगत होत्या की पोरं समोरच्या डोंगरावरच्या डेब्रिजच्या ढिगाखाली पुरलीत. कोण ऐकतंय. २०२४ च्या डिसेंबरात तिथे खरंच सांगाडे सापडायला लागले.

२०११ ला त्या वस्तीत सरकते जिने बसवले, उघड्यावर, केशरी छपराचे, जवळजवळ २८ मजले चढण्याइतके. आधी ३५० पायऱ्या गॅसची टाकी खांद्यावर घेऊन चढायचे लोक. जिन्यांच्या बाजूने भिंतींवर चित्रं आली, मग पर्यटक, मग आमच्यासारखे. आमची गाईड विशीतली मुलगी होती, तिथलीच. एका भिंतीवर हत्ती काढलेत, बायकोने विचारलं इथे हत्ती कुठून आला, तर ती म्हणाली हत्ती विसरत नाही म्हणून. एस्कोबारचं नाव तिने दोन तासात एकदाही घेतलं नाही, आणि ग्रुपमधल्या एकाने घेतलं तर म्हणाली, त्याच्यावर टॅक्सीवाल्याशी बोल, माझ्याकडे माझ्या मामाची गोष्ट आहे.

प्रश्न : भाई, मी आसगावला भाड्याने राहणारी शाळामास्तरीण. ११ वर्षांनी घरमालक म्हणतो खाली करा, व्हिला करायचाय. पर्यटन वाढलं की आमच्यासारख्यांचं हेच होणार का? तिथे काय झालं?

तेच झालं ताई, खोटं कशाला सांगू. मेदेयिनमध्ये एल पोब्लादो आणि लाउरेलेस या भागात डॉलरमध्ये कमावणारे लॅपटॉपवाले आले, सरकारने २०२२ ला त्यांच्यासाठी दोन वर्षांपर्यंतचा व्हिसा पण काढला, आणि घरमालकांनी महिन्याचा भाडेकरू काढून रात्रीचा ठेवला. घाण पण आली, २०२४ च्या एप्रिलमध्ये महापौरांना पोब्लादोत वेश्याव्यवसायावर सहा महिन्यांची बंदी घालावी लागली कारण अल्पवयीन मुलींपर्यंत गोष्ट गेली होती. भाड्यावर त्यांना अजून औषध सापडलेलं नाही.

एक गोष्ट मात्र मला त्यांची पटते. तायरोना म्हणून समुद्राकाठचं राष्ट्रीय उद्यान आहे, ते तिथल्या आदिवासी जमातींच्या मागणीवरून वर्षातून तीनदा पर्यटकांना पूर्ण बंद ठेवतात, जमिनीला श्वास घेऊ दे म्हणून. आपल्याकडे ते काम पाऊस करतो, मे संपला की शॅक मोडतात. तुमच्या व्हिलाला मात्र पाऊस लागत नाही. भाडेकरार रजिस्टर केलेला असेल तर लगेच सामान बांधू नका, आधी वकिलाला दाखवा.

प्रश्न : कार्ताहेनाच्या त्या टोपलीवाल्या बायकांबद्दल लिहा ना, फोटोत खूप छान दिसतात.

त्या पालेन्केरा. जवळच्या सान बासिलिओ दे पालेन्के गावच्या, पळून गेलेल्या आफ्रिकन गुलामांनी वसवलेलं गाव, त्यांची भाषासुद्धा वेगळी. पहिल्यांदा उतरलो तेव्हा पिवळा-निळा-लाल घेराचा झगा, डोक्यावर अननस-पपई-केळ्यांचं घमेलं बघून मी पटकन फोटो काढला, तर बाई समोर येऊन हात पुढे, दोन डॉलर. मी चिडलो, फळं तर घेतली नाहीत! बरोबरचा एक साळगावचा तारवटी हसून म्हणाला, अरे, फळं हा तिचा साइड बिझनेस आहे. मग मला म्हापशाचा शुक्रवारचा बाजार आठवला, मिरच्या आणि चोरीसच्या (आपल्या गोव्याच्या सॉसेजच्या) माळा घेऊन बसलेल्या आपल्या बायकांचे फोटो आख्ख्या जगाच्या भिंतींवर आहेत आणि कुणाला एक रुपया मिळाला नाही. दिले दोन डॉलर. पुढच्या खेपेला तिने ओळखलं पण नाही.

प्रश्न : भाच्याकडे पोर्तुगीज पासपोर्ट, माझ्याकडे आपला. दोघांना जायचंय. व्हिसा, लस, सेफ्टी?

भाच्याला ९० दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. तुमच्याकडे अमेरिकेचा किंवा शेंगेनचा व्हिसा पुरेशा मुदतीचा असेल तर तुम्हाला पण नाही, नाहीतर ऑनलाइन अर्ज, आणि तिकीट काढण्याआधी नियम परत तपासा, हे बदलत असतात. डायरेक्ट विमान नाही, माद्रिद किंवा इस्तंबूल करून जा. यलो फिव्हरची लस निघायच्या निदान १० दिवस आधी घ्याच, २०२५ ला तिथे साथ होती, आणि कार्ड नसेल तर परत येताना आपल्याच विमानतळावर क्वारंटाईन करतील, तारवट्यांना हे सांगावं लागत नाही. बोगोता २६०० मीटरवर आहे, पहिल्या दिवशी जिना चढताना धाप लागेल, वय झालं समजून घाबरू नका.

सेफ्टीसाठी त्यांचीच म्हण पाठ करा, ‘नो दार पापाया’, पपई देऊ नको. म्हणजे फोन हातात मिरवत फिरलास तर चोराला तू कापलेली पपईच बशीत घालून दिलीस. भाचा तरुण असेल तर त्याला वेगळं सांगा, डेटिंग अॅपवर भेटलेल्या मुलीने दिलेलं ड्रिंक नको, स्कोपोलामिन नावाचं गुंगीचं औषध घालून लुटतात, माणसं मेलीत त्यात.

प्रश्न : शाकाहारी माणसाचं काय?

हाल. आरेपा मिळेल, म्हणजे मक्याची भाकरीच, आणि घेवडा-भात मिळेल पण त्यात डुकराचा तुकडा नाही ना हे तीनदा विचारा. लोणच्याची बाटली घट्ट बंद करून चेक-इन बॅगेत टाका, माझी हँडबॅगेतली सिक्युरिटीवाल्याने उघडून वास घेतला आणि सरळ कचऱ्याच्या डब्यात.