‘स्वयंपाक’मधला ‘स्वयं’ कोण?

प्रश्न असा आला आहे : “आमच्याकडे पोळ्यांना मावशी लावायचा विषय निघाला. सासूबाई म्हणाल्या, ‘अगं, शब्दातच आहे की, स्वयं-पाक! बाईनं स्वतः केला तर स्वयंपाक, नाहीतर नुसतं जेवण.’ व्युत्पत्तीनं हे खरं आहे का? आणि जाता जाता, ‘सुगरण’चं पुल्लिंग काय?”

आधी सासूबाईंना दाद देतो. घरच्या वादात समासाची फोड करून दाखवणाऱ्या सासूबाई कमीच. आणि फोड बरोबरही आहे. ‘पाक’ आला ‘पच्’ धातूपासून. शुच्‌चा शोक होतो तसा पच्‌चा पाक. ‘स्वयम्’ म्हणजे स्वतः, आपल्या आपण. स्वयंवरात निवड करणारी ती स्वतः असते. स्वयंसेवक सेवा स्वतःहून करतो, स्वतःची करत नाही. म्हणजे ‘स्वयं’ करणारा कोण ते सांगतो. खाणारा कोण याबद्दल समास अवाक्षर काढत नाही. तेव्हा नुसत्या व्याकरणावर निकाल लावायचा तर सासूबाई हरत नाहीत.

त्या अडकतात ते वापरात. संस्कृतात आणि हिंदीत ‘स्वयंपाकी’ म्हणजे आपलं अन्न आपणच शिजवून खाणारा, परक्याच्या हातचं न घेणारा. प्रवासाला निघालेला कर्मठ ब्राह्मण, एखादा व्रतस्थ, काशीयात्रेतला सोवळ्याचा माणूस. धर्मशाळेच्या ओसरीवर तीन दगड मांडायचे, सोवळं नेसायचं आणि आपल्यापुरता भात उतरवायचा. तेलुगूत ‘स्वयंपाकम्’ म्हणतात ते तर शिजवलेलं अन्नच नव्हे : ब्राह्मणाला दान म्हणून दिलेले तांदूळ, डाळ, भाजी, तूप. शिजवायचं त्यानं. आपण याला शिधा म्हणतो. तर या शब्दातला मूळचा ‘स्वयं’ पदर खोचलेला नव्हता, सोवळं नेसलेला होता, आणि करणारा नि खाणारा तो एकच होता. सासूबाईंचा नियम शब्दाला धरून पाळायचा म्हटला तर घरातल्या प्रत्येकानं आपापली पोळी लाटायला हवी, सासूबाईंच्या चिरंजीवांनीसुद्धा. (हे त्यांना सांगायचं की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा.)

मराठीनं हा शब्द घेतला आणि चारचौघांच्या रोजच्या रांधण्याला लावून टाकला. वऱ्हाडात तो सैपाक झाला, सयपाक झाला, आणि दहा माणसांसाठी केलेल्या वरणभाताला ‘स्वतःचा पाक’ म्हणण्यात काही विसंगती आहे हे कुणाच्या ध्यानातही राहिलं नाही. शेजारच्या भाषांनी ‘रांध’ सोडला नाही : कोकणीत रांदप, गुजरातीत रांधवुं, बंगालीत रान्ना. आपल्याकडे रांधणं बोलण्यातून बरंचसं मागे पडलं आणि ‘रांधा, वाढा, उष्टी काढा’मध्ये मात्र पक्कं बसलं. तीन क्रियापदं, तिन्ही आज्ञार्थी. आज्ञा कुणाला आहे, हे त्यात म्हटलेलं नाही आणि आजवर कुणाला विचारावंही लागलेलं नाही.

आता गंमत बघा. मूळ अर्थाची जागा रिकामी झाली तेव्हा त्या अर्थासाठी मराठीला दुसरा वाक्प्रयोग लागला. तो आपण रोज ऐकतो : हातानं करून खाणे. अर्थ तंतोतंत स्वयंपाकी. पण स्वयंपाकीच्या मागे सोवळ्याचा मान होता, याच्या मागे ‘बिचारा’ आहे. “बिचारा हातानं करून खातो हो!” त्यावर उपायही हाताचाच : दोनाचे चार हात करून टाका. चार झाल्यावर त्यातले कुठले दोन पिठात जाणार, हे दोन्ही घरांना ठाऊक असतं.

हा ‘बिचारा’ मी स्वतः दीड वर्ष होतो. बायकोची बँकेतली बदली नांदेडला झाली, मी पुण्यात. ती तिकडे एका खोलीत एका शेगडीवर करून खात होती, मी इकडे. पहिल्याच आठवड्यात समोरच्या काकूंनी (वयानं माझ्याएवढ्याच, मुलांमुळे काकू) जिन्यात गाठलं. “काय हो, हातानं करून खाताय सध्या?” संध्याकाळी भरल्या वांग्यांचा डबा आला. मग अळूची भाजी, मग काकडीची कोशिंबीर, एकदा चक्क मोदक. नांदेडला बायकोच्या शेजारीणबाई काय म्हणाल्या? “एकटीच ना तुम्ही? मग बरंय, स्वयंपाकाची कटकट नाही!” तिला डबा एकदाही आला नाही.

‘एकटीला काय करायचंय’ हे वाक्य मी त्याआधी शंभरदा ऐकलं असेल, पण त्यातला शब्दार्थ तेव्हा डोक्यात शिरला. पुरुषानं एकट्यापुरतं केलं तर त्याचं दुःख होतं. बाईनं एकटीपुरतं केलं तर तो स्वयंपाकच मोजला जात नाही. म्हणजे कोशातला मूळ स्वयंपाक, आपलं आपण करून खाणं, तो मराठीत बाईच्या बाबतीत स्वयंपाकच नव्हे! दुसऱ्या कुणाच्या ताटात पडला की मगच तो स्वयंपाक.

पुरुष स्वयंपाक करत नसत असं मुळीच नाही. सोवळ्याओवळ्याच्या घरांत बाईला कावळा शिवला की तीन-चार दिवस चूल तिच्या हातात नसे. घरात दुसरी बाई नसली तर पदर खोचणार कोण? आजोबाच. त्या पिढीतल्या कितीतरी म्हाताऱ्यांना पिठलं-भात उत्तम यायचा तो या रजेमुळे. पण क्रियापद ऐका : आजोबांनी ‘पिठलं टाकलं’, ‘भात लावला’, ‘काहीतरी उकडलं’. ‘आजोबांनी आज स्वयंपाक केला’ असं वाक्य आमच्या घरात मी ऐकलेलं नाही.

तसंच ‘मदत’. “आमचे हे स्वयंपाकात मदत करतात.” मदत दुसऱ्याच्या कामात करतात, या एका शब्दात कामाचा सातबारा कुणाच्या नावावर आहे ते येऊन गेलं. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत, बिनपगारी घरकामाला दिवसात ज्यांनी हात लावला अशा पुरुषांची सरासरी निघाली ९७ मिनिटं आणि बायकांची २९९. हात लावणारे पुरुषच मुळात शंभरात २६, बायका ८१. त्या ९७ मिनिटांसाठी मराठीत मदत, हातभार, ‘फार करतात हो’ असे शब्द आहेत. २९९ साठी आहे : “काही नाही, घरीच असते.”

पैसे घेऊन रांधणाऱ्यांची नावंही बघून ठेवा, कारण तुमच्या घरचा वाद त्यांच्यावरूनच सुरू झालाय. पुरुष असला की आचारी, लग्नकार्यात महाराज, बोटीवर भंडारी, आता हॉटेलात शेफ. बाई असली की मावशी, काकू, पोळ्यावाल्या, फार तर स्वयंपाकीणबाई. एकीकडे पदव्या, दुसरीकडे नाती. मावशी म्हटलं की पगारवाढ मागताना तिलाच अवघड होतं, हा आणखी एक फायदा. गिरणगावात कोकणातून एकट्यानं आलेल्या कामगारांना पिढ्यान् पिढ्या जेवू घातलं ते खाणावळी चालवणाऱ्या बायकांनी. त्यांना कर्ज मिळावं म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, तेव्हा कुठे हा धंदा आहे, नातं नव्हे, हे बँकेच्या कागदावर आलं. त्यामुळे ‘मावशींनी केलं तर नुसतं जेवण’ हे मला पटत नाही. मावशी करतात तोही स्वयंपाकच, आणि त्याचे पैसे होतात.

आता सुगरण. हा ‘सुगृहिणी’चा झिजून झालेला शब्द. त्यात घर आहे, स्वयंपाक कुठेच नाही. दाणागोटा, साठवण, हिशेब, आलंगेलं सगळं नीट सांभाळणारी ती सुगरण. पुढे बाकीचं गळालं आणि भाजीची चव तेवढी उरली. पुल्लिंग नाही, कारण गृहिणीलाच तशा अर्थाचं पुल्लिंग नाही. जोडीला गृहस्थ आहेत, पण ‘एक गृहस्थ’ आपल्याला बसस्टॉपवर भेटतात, रांगेत भेटतात. शब्दात घर असून घराशी त्यांचा संबंध उरलेला नाही.

त्यात सुगरण पक्ष्यानं तर पार फजिती केली आहे. बाभळीला नाहीतर शिंदीला, बहुतेकदा पाण्यावर झुकलेल्या फांदीला जो देखणा खोपा लटकतो तो विणतो नर. गवताचे, पानांचे लांब धागे चोचीनं ओढून, गाठी मारून. खोपा अर्धा झाला की मादी येते, आतबाहेर करून बघते. आवडला तर तो पुरा होतो, नाही आवडला तर बुवा दुसरा घ्यायला मोकळे. एवढं करून नाव सुगरण! बहिणाबाई चौधरींच्या ‘खोप्यामधी खोपा’तही झोका टांगणारी ‘ती’च आहे, भाषेनंच पक्ष्याला बाई करून ठेवलं होतं, त्या तरी काय करणार.

चांगलं रांधणाऱ्या पुरुषाला काय म्हणावं? ‘बल्लव’ आहे, विराटाच्या घरी भीमानं घेतलेलं नाव, पण त्याला पुरवणीतल्या पाककृतीच्या सदराचा वास येतो. ‘पाककुशल’ कुणी तोंडानं म्हणत नाही. ‘तो अगदी सुगरण आहे’ असं सर्रास म्हणतात, आणि मला ते चालतं. व्यक्ती स्त्रीलिंगी असून पुरुषाला चालते, तर सुगरण का नको? पण माझं मत विचाराल तर जुनंच घ्या : त्याच्या हाताला चव आहे. हाताला लिंग नसतं. म्हणजे पुल्लिंगी असतं, पण ते सगळ्यांच्याच.

काकूंचा डबा रिकामा परत करायचा नव्हता. एका एकादशीला साबुदाणा रात्रीच भिजत घातला, कूट जाडसर ठेवलं, मिरची-जिऱ्याच्या फोडणीत मंद आचेवर परतून खिचडी केली. दाणा न् दाणा मोकळा. डबा भरून समोर नेऊन दिला. काकूंनी तिथंच झाकण उघडून चिमूटभर तोंडात टाकली, मान डोलावली आणि माझ्या खांद्यावरून आमच्या उघड्या दाराकडे बघत म्हणाल्या, “वहिनी आल्या वाटतं नांदेडहून?”