गृहपाठ ‘आईला येतो’

“मॅडम, नववीत गेला तरी सांगितल्याशिवाय पुस्तक उघडत नाही.” ठाणे शहरातल्या माझ्या समुपदेशनाच्या केबिनमध्ये हे वाक्य शाळा सुरू झाल्या की हमखास ऐकू येतं. ऐरोलीहून आलेल्या एका आईचीही सुरुवात तीच होती. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.)

शाळेबद्दल ती कौतुकाने बोलली. “शिस्त कडक आहे हो. गृहपाठ ॲपवर येतो, वही अपुरी राहिली की लगेच मला मेसेज. उत्तरंसुद्धा बाई फळ्यावर लिहून देतात.” पाणी कुठं मुरतंय ते मला तिथेच कळलं, पण पहिल्याच भेटीत हे सांगून पालकांच्या गळी उतरत नाही.

पुढे मुलाला एकट्याला भेटले. अभ्यासाचं नाव काढलं नाही.

“रविवारी काय करतोस?”

“टर्फवर क्रिकेट.”

“बुकिंग कोण करतं?”

“मीच. बारा जणांचे पैसे गोळा करतो. ऐनवेळी कोणी टांग दिली तर दुसरा पोरगाही मीच शोधतो.”

“मग गृहपाठ कसा विसरतोस?”

तो हसला. “तो आईला येतो ना. मी कशाला लक्षात ठेवू?”

बारा जणांचा हिशेब ठेवणाऱ्या पोराला बेजबाबदार कसं म्हणायचं? अभ्यासाची जबाबदारी त्याच्या हातात कधी पडलीच नव्हती. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॅकलिन एक्ल्स आणि सहकाऱ्यांनी 1993 मध्ये नेमकं हेच मांडलं: ज्या वयात मुलांना स्वतः ठरवावंसं वाटू लागतं, त्याच वयात शाळा लगाम आवळते. मी या विचाराची आहे, आणि माझ्या कामात तो वारंवार पटला आहे.

आईला ॲपच्या सूचना बंद करायला लावल्या. वर्गशिक्षिकेला आधी कल्पना दिली. लगेचच दोन शेरे आले, आई कासावीस झाली, मी तिला थांबवून धरलं. नंतर एकदा वही अपुरी राहिली, तेव्हा मुलानेच बाईंकडून एक दिवस वाढवून मागितला. मार्क फारसे हलले नाहीत. मला त्याची घाईही नव्हती.

तुम्हालाही हीच काळजी असेल, तर पालकसभेत टक्क्यांपलीकडचं विचारा. प्रकल्पाचा विषय मुलं निवडतात का? चुकलेलं उत्तर स्वतः दुरुस्त करायला वेळ मिळतो का? मुदत शाळेने जरूर ठरवावी, ती कशी गाठायची ते मुलाला ठरवू द्यावं. आणि हे आठवी-नववीतच विचारा. दहावीच्या धामधुमीत ना शाळेला उसंत असते, ना तुम्हाला.